तीन मीटरवरचा रस्ता

रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा विषय निघाला की दोन तट पडतात, आणि हे आजचं नाही. एक तट सांगतो की रस्त्यासाठी रेंजफाइंडरसारखा कॅमेरा झाला नाही आणि होणार नाही. लहान, कमी आवाजाचा, हाताने फोकस करायचा; शिवाय ज्यांची चित्रं पाहून आपल्याला हे वेड लागलं त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या गळ्यात तोच होता. दुसरा तट म्हणतो की हे सगळं गतकाळाचं कौतुक आहे. १९५९ नंतर रिफ्लेक्स कॅमेऱ्याने आणि आता मोबाइलने तो प्रश्न केव्हाच निकालात काढला. उरला आहे तो हौशी श्रीमंतांचा दागिना. पुरावे दोन्ही बाजूंना भरपूर आहेत. म्हणून यंत्र, त्याचा इतिहास आणि ज्यांनी खरोखर रस्त्यावर काम केलं त्यांच्या पद्धती एकत्र ठेवून हा प्रश्न एकदा नीट पाहायला हवा. माझं मत आधीच सांगतो. रेंजफाइंडरने रस्त्याला फार मोठं देणं दिलं, पण ज्या यंत्रावरून त्याला हे नाव पडलं, त्या यंत्रातून ते आलेलं नाही.

आधी यंत्र. माझ्यासमोर कॅनोनेट क्यूएल १७ आहे. १९७२ च्या सुमाराला कॅननने आणलेलं त्याचं जी-३ हे रूप आजही जुन्या बाजारात सापडतं. समोरून पाहिलं तर लेन्सच्या वर दोन खिडक्या दिसतात, एक मोठी आणि एक छोटी. मोठीतून आपण पाहतो. छोटीतून आलेला उजेड आतल्या आरशावर आदळून व्ह्यूफाइंडरमधल्या अर्धपारदर्शक काचेवर येतो आणि चित्राच्या मधोमध एक फिकट पिवळसर ठिपका तयार होतो. त्या ठिपक्यात समोरची वस्तू दुहेरी दिसते. लेन्सवरची कडी फिरवली की लेन्सची नळी पुढेमागे होते, तिला टेकलेला दांडा हलतो, दांड्याबरोबर छोट्या खिडकीमागचा आरसा किंचित वळतो आणि दुहेरीतली एक प्रतिमा आडवी सरकू लागते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की अंतर बरोबर. जमीन मोजणारे जो त्रिकोण वापरतात तोच इथे तळहाताएवढ्या जागेत बसवलेला आहे: दोन खिडक्या हा त्याचा पाया आणि समोरची वस्तू हा शिरोबिंदू. पाया जितका लांब आणि व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य जितकं मोठं, तितकी अचूकता जास्त. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये हा पाया साडेअडुसष्ट मिलिमीटरांचा होता आणि दृश्य जवळपास डोळ्याला दिसतं तेवढंच, ०.९१ पट.

प्रतिमा आडवी सरकते याचा एक परिणाम मराठी मुलखात फिरताना लगेच कळतो. दुकानाच्या पाटीवर फोकस लावायचा असेल तर अक्षरांच्या शिरोरेषेचा काही उपयोग नाही, कारण आडवी रेघ आडवी सरकली तरी पत्ता लागत नाही. कान्यावर ठिपका नेला की तो दुभंगलेला स्पष्ट दिसतो आणि कडी फिरवताच एक होतो. दाराची चौकट, विजेचा खांब, शर्टाच्या बटणांची पट्टी अशा उभ्या कडा शोधायची सवय डोळ्याला लागते. उजेड कमी असताना ही पद्धत रिफ्लेक्सच्या काचेपेक्षा सरस ठरते, कारण चित्र पुसट दिसतं की स्पष्ट हे ताडायचं नसतं. दोन रेघा एक झाल्या की नाही एवढंच पाहायचं असतं. एखाद्या हॉटेलात ट्यूबलाइटखाली बसलेल्या गिऱ्हाइकावर पस्तीस किंवा पन्नासच्या लेन्सने फोकस लावून पाहा, फरक लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात घ्यायला हवी. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहतच नाही. लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं तरी दृश्य स्वच्छ दिसतं. लेन्स खिडकीपेक्षा थोडी खाली आणि बाजूला असल्यामुळे जवळच्या वस्तूची चौकट सरकते. सत्तर सेंटिमीटर किंवा मीटरभरापेक्षा जवळ अशा बहुतेक कॅमेऱ्यांना फोकसच करता येत नाही. १३५ मिलिमीटरच्या पुढची दूरची लेन्स जवळजवळ निरुपयोगी आणि झूम तर नाहीच. पक्षी, क्रिकेट, लग्नाच्या अंगठीचा जवळून फोटो, यातलं काहीही हा कॅमेरा धड करत नाही. त्याची मर्यादा इतकी अरुंद आहे की तिच्यात नेमका रस्ताच मावतो.

हे यंत्र रस्त्यावर आलं कसं, याचा इतिहास थोडक्यात असा. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बारनाकने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचा नमुना पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तयार केला. १९२५ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत तो लायका या नावाने बाजारात आला. या पहिल्या लायकाला जोडलेला रेंजफाइंडर नव्हता, ही गोष्ट नेहमी विसरली जाते. अंतर डोळ्याने अंदाजायचं किंवा वेगळं मोजणारं उपकरण वर खोचून त्यावरचा आकडा लेन्सवर उतरवायचा. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर १९३२ मध्ये लायका-२ मध्ये आला आणि त्याच वर्षी झाइसचा कॉन्टॅक्सही आला. तरीही लायकात अनेक वर्षं फोकसची खिडकी वेगळी आणि चौकटीची वेगळी होती. डोळा एकीकडून दुसरीकडे न्यावा लागे. १९५४ च्या एम-३ ने दोन्ही एका खिडकीत आणल्या, तिच्यात उजळ रेघांची चौकट बसवली, आणि लेन्स बदलताच चौकट आपोआप बदलू लागली. पाचच वर्षांनी निकॉन एफ आला आणि व्यावसायिक जग आरसा असलेल्या रिफ्लेक्सकडे वळलं. १९७१ चा एम-५ चालला नाही आणि ही मालिका बंद पडण्याच्या बेतात होती. पुढे कॅनडातल्या मिडलँड इथल्या कारखान्यात एम ४-२ बनवून ती तगवली गेली. म्हणजे ज्याला आज अजरामर म्हणतात, तो कॅमेरा एकदा मरणाच्या दारातून परत आलेला आहे.

आता मुख्य मुद्दा: ज्यांनी हा कॅमेरा घेऊन रस्त्यावर काम केलं ते तो वापरत कसे?

आंरी कार्तिए-ब्रेसाँने १९३२ च्या सुमाराला लायका घेतला आणि आयुष्यभर बहुतेक काम पन्नासच्या एकाच लेन्सने केलं. त्याच वर्षी पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनमागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचं ते प्रसिद्ध चित्र त्याने टिपलं. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीत लेन्स घालून ते काढलं होतं, आणि एका बाजूला फळीचा आडोसा आल्यामुळे चित्राची कड कापावी लागली. निर्णायक क्षणाचा दाखला म्हणून जे चित्र जगभर दाखवलं जातं, ते चौकट पुरती दिसत नसताना आणि समोरचा माणूस हवेत असताना घेतलेलं आहे. ठिपक्यातल्या दोन प्रतिमा जुळवत बसायला तिथे वेळ नव्हता.

हाच माणूस १९४७ मध्ये मुंबईत आला. परळच्या गिरणी कामगारांच्या वस्तीतलं ज्योतिषाचं दुकान हे त्याचं त्या मुक्कामातलं चित्र छायाचित्रणाच्या इतिहासात गणलं जातं. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली, त्याच्या थोडाच वेळ आधी तो त्यांना भेटला होता. नंतर बिर्ला हाउसच्या फाटकापाशी ती बातमी सांगणारे नेहरू त्याने टिपले. तो प्रसंग रात्रीचा, गर्दीचा आणि अपुऱ्या उजेडाचा. आपल्या देशाच्या इतिहासातला एक अत्यंत दुःखाचा क्षण अशा छोट्या कॅमेऱ्यामुळे आपल्याजवळ उरला, ही गोष्ट या प्रश्नाचा विचार करताना मी बाजूला ठेवू शकत नाही.

वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोरच्या बाकावरच्या उतारूंची चित्रं काढली. कॉन्टॅक्स कोटाच्या आत, लेन्स दोन बटणांच्या मधून डोकावणारी आणि शटरची वायर बाहीतून हातात. कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही. समोरचा बाक किती दूर हे आधीच माहीत होतं. हेलन लेविटने न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत खेळणारी मुलं टिपताना काटकोनात पाहणारी भिंगाची जोडणी वापरली. तोंड एकीकडे आणि कॅमेरा दुसरीकडे. रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६ मध्ये गुगेनहाइमच्या शिष्यवृत्तीवर अमेरिका पालथी घातली, ७६७ रोल संपवले आणि त्यातून ८३ चित्रांचं पुस्तक केलं. मोटारीतून, जेवणघराच्या कोपऱ्यातून, चालता चालता घेतलेल्या त्या फ्रेमांतल्या काही हललेल्या आहेत, काहींचा फोकस भलतीकडे आहे, आणि तरीही त्यांनी पुढच्या दोन-तीन पिढ्यांची नजर बदलली. गॅरी विनोग्रँड लायका एम-४ आणि २८ ची लेन्स घेऊन मॅनहॅटनच्या फूटपाथवर चालायचा. कॅमेरा वर जाई, क्षणभर थांबे आणि खाली येई. त्या क्षणात ठिपका पाहणं शक्यच नव्हतं. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले पडून होते.

या सगळ्यांना जोडणारा धागा फोकसच्या खिडकीचा नाही. धागा आहे अंतर आधी ठरवून ठेवण्याचा. आणि इथे जरा आकडेमोड करायला हवी, कारण कलेच्या गप्पांत ही गोष्ट नेहमी राहून जाते.

पस्तीस मिलिमीटरची लेन्स एफ ८ वर ठेवली आणि फोकस तीन मीटरवर लावला, तर साधारण एक मीटर नव्वद सेंटिमीटरपासून सात मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. म्हणजे गर्दीच्या फूटपाथवर समोरून येणारा माणूस दोन मीटरांच्या आत येईपर्यंत फोकसला हातच लावायचा नाही. पन्नासच्या लेन्सने त्याच तीन मीटरवर, त्याच एफ ८ वर, पट्टा आक्रसतो: सव्वादोन मीटरच्या आसपासपासून चार मीटरच्या थोडं पुढपर्यंत. २८ ची लेन्स सव्वातीन-साडेतीन मीटरवर ठेवली तर दीड-पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं आलं. विनोग्रँडच्या हाती २८ का होती आणि कार्तिए-ब्रेसाँची पन्नासवरची हुकूमत एवढी दुर्मीळ का मानतात, हे या तीन आकड्यांत दिसतं. हा हिशेब निगेटिव्हवर ०.०३ मिलिमीटरचा पुसटपणा चालतो असं धरून केलेला आहे. भिंतीएवढा प्रिंट करणार असाल तर पट्टा आणखी कमी धरावा.

उजेडाचंही तसंच. भर दुपारी, निरभ्र उन्हात, ४०० वेगाच्या फिल्मवर एफ १६ आणि सेकंदाचा पाचशेवा भाग. सावलीत, इमारतीच्या आडोशाला, एफ ८ आणि अडीचशेवा. मुंबईत मेमध्ये आणि पुण्यात डिसेंबरात हा ठोकताळा क्वचितच चुकतो. पावसाळ्यात मात्र तासातासाला उजेड बदलतो आणि तिथे मीटरशिवाय चालू नये. अनेक छोट्या लेन्सांना खाली बोट टेकवायला एक पाकळी असते. ती सरळ खाली असली की एक अंतर, जरा डावीकडे असली की दुसरं. काही आठवड्यांत बोटालाच आकडा कळू लागतो. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी फोकस झालेला असतो. आपोआप फोकस करणारा आजचा महागडा कॅमेराही कोणावर फोकस करायचा हे ठरवायला क्षणभर थांबतो आणि कधी भलत्याच चेहऱ्यावर जाऊन बसतो. आधी ठरवलेलं अंतर असं चळत नाही.

मग व्ह्यूफाइंडर. माझ्या मते रस्त्यासाठी रेंजफाइंडरचं खरं देणं हेच. रिफ्लेक्समध्ये जे लेन्स पाहते तेवढंच दिसतं, चौकटीच्या बाहेर काळोख. आणि बटण दाबताच आरसा वर जाऊन दृश्य नाहीसं होतं. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघाला नेमका तोच क्षण छायाचित्रकाराने पाहिलेला नसतो. रेंजफाइंडरमध्ये चौकट ही स्वच्छ काचेत तरंगणारी रेघ असते आणि रेघेच्या बाहेरही रस्ता चालू असतो. डावीकडून सायकलवाला येतोय, तो अजून चौकटीत नाही पण येणार आहे, हे आधी दिसतं. एफ मालिकेचा निकॉन घेऊन याच कोपऱ्यावर उभं राहिलं तर सायकलचं पुढचं चाक चौकटीत शिरेपर्यंत काही कळत नाही. शिवाय खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाला असल्यामुळे उजव्या डोळ्याने पाहताना डावा डोळा आणि निम्मा चेहरा मोकळा राहतो. समोरच्या माणसाला आपलं तोंड दिसतं, आपल्याला हसता येतं. दादरच्या फुलबाजारात पहाटे जो कुणी यातले दोन्ही कॅमेरे घेऊन फिरला असेल, त्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

पण हा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. पस्तीसच्या चौकटीभोवती एम-२ सारख्या कॅमेऱ्यात बरीच जागा उरते. २८ ची चौकट खिडकीच्या कडेला जाऊन टेकते. चष्मा असेल तर ती रेघ दिसतही नाही आणि बाहेरचं पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. चाळिशीनंतर हा कॅमेरा घेणाऱ्यांनी दुकानात चष्मा लावूनच पाहावं.

बाकीच्या गुणांचं बरंच अतिरंजित वर्णन होतं. आवाज कमी असतो हे खरं, आरसा आपटत नाही. पण मुंबईच्या रस्त्यावर हॉर्न, विक्रेते आणि लोकल यांच्यात कुठल्याही कॅमेऱ्याचा आवाज कुणाला ऐकू येतो? तो गुण देवळात, नाटकाच्या तालमीत, शोकसभेत कामी येतो. आणि तिथेही कॅनोनेटसारख्या कॅमेऱ्यांचं लेन्समधलं पाकळ्यांचं शटर लायकाच्या कापडी शटरपेक्षा शांत असतं. लहान आकाराचंही तसंच. १९३२ मध्ये तो लहान होता कारण त्या काळचे वृत्तपत्रांचे कॅमेरे प्रचंड होते. आज खिशातला मोबाइल त्याहून लहान आहे आणि कुणी त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. पितळ आणि काचेचा जुना कॅमेरा उलट लक्ष वेधून घेतो. चहाच्या टपरीवर तो टेबलावर ठेवला की शेजारचे काका हमखास विचारतात, ‘अजून रोल मिळतो का याचा?’ रस्त्यावरच्या अनेक ओळखी या एका प्रश्नातून सुरू होतात, हा फायदाच. पण तो अदृश्य राहण्याचा फायदा नव्हे.

पहिल्या तटाच्या विरोधात जाणारी नावंही कमी नाहीत. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा योसेफ कौडेल्काच्या हातात एक्झाक्टा हा रिफ्लेक्स होता. व्हिव्हियन मायरने शिकागोच्या रस्त्यांवर आणि फॅन होने हाँगकाँगच्या गल्ल्यांत रोलायफ्लेक्स वापरला, छातीशी धरून, मान खाली घालून. दाइदो मोरियामाने रिकोचा खिशातला जीआर हे आपलं हत्यार केलं. आपल्याकडे रघू राय यांचं काम मुख्यतः रिफ्लेक्सवर उभं राहिलं, आणि त्यांना १९७७ मध्ये मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेसाठी सुचवणारा कार्तिए-ब्रेसाँच होता. रघुवीर सिंग १९६६ मध्ये जयपूरमध्ये कार्तिए-ब्रेसाँसोबत फिरले, त्याचं काम जवळून पाहिलं, आणि तरीही कृष्णधवल नाकारून भारत रंगांतच दाखवायचा हा आपला मार्ग त्यांनी धरला. मुंबईवरचं त्यांचं १९९४ चं पुस्तक त्याचा पुरावा आहे. गुरूकडून नजर घ्यावी, यंत्र आणि पेहराव घ्यायची गरज नाही. नेमकं उलट पाहायला मिळतं तेव्हा वाईट वाटतं: गळ्यात काही लाखांचा कॅमेरा, रोज फूटपाथवर झोपलेल्या माणसांचे कृष्णधवल फोटो, आणि त्यालाच परंपरा म्हणायचं.

जवळिकीचा प्रश्न इथेच येतो आणि तो मला फोकसपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पस्तीसची लेन्स माणसाला दोन-तीन मीटरवर जायला भाग पाडते. तेवढ्या अंतरावर समोरचा आपल्याला पाहतो, नजर फिरवतो, हात आडवा धरतो, किंवा उभा राहून पोझ देतो. दोनशेच्या लेन्सने रस्त्यापलीकडून टिपलेल्या माणसाला यातलं काहीही करता येत नाही. या अर्थाने छोटी लेन्स जास्त प्रामाणिक आहे. पण यंत्र स्वतः सभ्य नसतं. इव्हान्सने तोच कॅमेरा कोटाखाली लपवला. ब्रूस गिल्डनने तोच लायका आणि हातात फ्लॅश घेऊन न्यूयॉर्कच्या माणसांच्या तोंडावर उजेड फेकला, आणि त्याच्या चित्रांत जोम असला तरी त्या पद्धतीचं समर्थन करायला माझं मन धजत नाही. संशयाचा त्रास छायाचित्रकारालाही होतो: फ्रँकला नोव्हेंबर १९५५ मध्ये आर्कन्सॉच्या पोलिसांनी पकडून चौकशीसाठी डांबून ठेवलं होतं. कायदे देशोदेशी वेगळे. लायकाच्या जन्मभूमीत, जर्मनीत, काही अपवाद सोडले तर माणसाचं चित्र प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते, आणि हा नियम १९०७ पासूनचा आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कायद्याची वाट न पाहता एवढं पाळता येतं: कुणी हाताने नको म्हटलं की कॅमेरा खाली. आषाढात वारीच्या वाटेवर फिरणाऱ्या सगळ्यांना हे विशेष लागू आहे. ओढ्यावर अंघोळ करणाऱ्या, पाय चेपत बसलेल्या, पदर सावरणाऱ्या बायका या चित्राचा विषय होण्यासाठी पंढरपूरला निघालेल्या नसतात.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. लायका म्हणजेच रेंजफाइंडर ही समजूत सगळ्यात नुकसानकारक आहे. १९३६ चा हान्सा कॅनन, १९४८ पासूनचे निकॉन, खार्कीवचा फेड, झोर्की, युद्धानंतर कॉन्टॅक्सच्या जर्मन साच्यांवर बनलेला कीव्ह, ही सगळी याच कुळातली. साठ-सत्तरच्या दशकांत जपानने न बदलता येणारी लेन्स बसवलेले स्वस्त कॅमेरे लाखांनी बनवले, आणि भारतातल्या कितीतरी घरांत परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाने आणलेला याशिका इलेक्ट्रो ३५ अजून कपाटात आहे. २००० मध्ये जपानच्या कोसिनाने फोइग्टलँडर नावाने बेसा-आर काढला तेव्हा मध्यमवर्गीय हौशी माणसाला पुन्हा नवा रेंजफाइंडर परवडू लागला. ती बेसा मालिकाही २०१५ मध्ये बंद झाली. डिजिटलमध्ये पहिला एप्सनचा आर-डी १, २००४ चा. प्रत्येक फोटोआधी हाताने खटका ओढावा लागणारा. त्यानंतर २००६ चा लायका एम-८. २०२२ मध्ये लायकाने फिल्मचा एम-६ पुन्हा बाजारात आणला आणि २०२५ मध्ये त्याच मालिकेत असाही कॅमेरा आणला ज्यातला रेंजफाइंडरच काढून तिथे इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवला आहे. पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढला, त्यात रेंजफाइंडर नाही, फक्त अंतराच्या खुणा आहेत. फुजीच्या एक्स १०० मालिकेत चौकटीबाहेर दाखवणारी खिडकी आहे आणि रिकोच्या जीआरमध्ये आधी ठरवलेल्या अंतरावर एका दाबात फोटो निघतो. बनवणाऱ्या कंपन्यांनीही हळूहळू तेच मान्य केलं आहे जे विनोग्रँडच्या बोटांना ठाऊक होतं: रस्त्याला खिडकी हवी आणि ठरवलेलं अंतर हवं, दोन प्रतिमा जुळवणारा आरसा उपयोगी आहे, अपरिहार्य नाही.

तरीही जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी, आपल्या हवेला धरून. मुंबई-कोकण-गोव्यात लेन्सचा पहिला शत्रू बुरशी. चामड्याच्या मूळ कव्हरात कॅमेरा जपून ठेवणं म्हणजे तिला खतपाणी घालणं, कारण चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे. दुसरं, रेंजफाइंडरच्या आरशावरचा मुलामा जुना होऊन उडतो आणि ठिपका दिसेनासा होतो. विकत घेण्याआधी दूरच्या टॉवरकडे पाहावं. लेन्स अनंतावर असताना दोन्ही प्रतिमा आडव्या आणि उभ्या, दोन्ही दिशांनी जुळल्या पाहिजेत. तिसरं, कापडी शटरच्या कॅमेऱ्यात मध्ये आरसा नसतो, त्यामुळे लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हात आभाळाकडे तोंड करून राहिला तर सूर्य शटरला भोक पाडतो. मार्च-एप्रिलात गाडीच्या डॅशबोर्डवर तो कधीही ठेवू नका. चौथं, या कॅमेऱ्यांतल्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. कॅनोनेट बॅटरीशिवायही हाताने चालतो. याशिका इलेक्ट्रो बॅटरी नसली की एकाच, पाचशेव्या भागाच्या वेगावर अडकतो. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्मही आता नाही, सगळी फिल्म बाहेरून येते आणि महाग आहे. छत्तीस फोटोंच्या रोलमागे फिल्म, धुणं आणि स्कॅन यांचा खर्च धरला की दर फोटोची किंमत मनात येतेच, आणि काही जणांच्या बाबतीत त्याने हात आखडतो. ज्यांना रोज शंभर फ्रेम काढून शिकायचं आहे त्यांनी डिजिटलवर शिकावं, लेन्स हाताने फिरवावी आणि अंतर आधी ठरवावं. त्यात काही उणं नाही.

माझा निर्वाळा असा. रस्त्यासाठी रेंजफाइंडर आजही उत्तम कॅमेरा आहे, पस्तीस किंवा चाळीसच्या लेन्ससह, आणि कितीही जुना किंवा स्वस्त असला तरी. पण तो नसल्याने कुणाचं काम अडत नाही. अडतं ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराच्या आसपास आणि पुण्या-कोल्हापुरात मिळून हे कॅमेरे उघडून आरसा सरळ करणारे, शटरचा वेग जुळवणारे हात मोजकेच उरले आहेत, त्यातले बहुतेक उतारवयाचे, आणि त्यांच्यामागे शिकायला कुणी बसलेलं नाही. तुमच्या घरात वडिलांचा, आजोबांचा कॅमेरा कपाटात असेल तर तो शोकेसमध्ये मांडू नका आणि भंगारातही देऊ नका. यंदाचा पावसाळा लागण्याआधी दुरुस्तीला द्या, मजुरीत घासाघीस करू नका, आणि कुणी तरुण हे काम शिकायला तयार असेल तर त्याला त्या दुकानात घेऊन जा.